नव्या गवताचा घाम

रविवार, ३ नोव्हेंबर १९५७

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. रोज नाही, काही घडलं तरच. कारण एवढंच की विठोजी मला चारचौघांत जे बोलतात ते नंतर कबूल करत नाहीत. तारीखवार लिहिलेलं असलं म्हणजे वेळ आल्यावर साहेबांपुढे वही ठेवता येईल.

विठोजी म्हणजे माझे दाजी, कृष्णाक्काचे यजमान. मेजर भीमसेनराव साहेबांच्या हेब्बाळच्या पागेत एकोणीस वर्षं जमादार आहेत. अठरा घोडे आणि त्यांची निगा राखणारे सात मोतद्दार त्यांच्या हाताखाली. मी जूनपासून तिथं वैरणीचा कारभारी आहे. त्याआधी सोळा वर्षं सरकारी कुरणखात्यात कारकून होतो. साहेबांनी माझा अर्ज वाचून मला बोलावलं. दाजींना ते तेव्हापासून खुपतं आहे.

पागेला आजवर यशवंतपूरच्या बाजारातून वाळलं गवत यायचं. या वर्षी तळ्यामागच्या साहेबांच्या रानातलं गवत आपणच कापून वाळवायचं, ही कल्पना माझी. उद्या कापणी. आज विळे मोजत होतो तर दाजी मागून म्हणाले, "गवत उन्हात वाळवणार का कागदावर?" मोतद्दार हसले. सकाळी नऊच्या सुमारास. परसू मोतद्दार साक्षीला आहे, तोही हसणाऱ्यांत होता.

शनिवार, ९ नोव्हेंबर

गंजी उभी राहिली. पत्र्याच्या छपराखाली, पागेपासून पन्नास पावलांवर. चार दिवस वाळवलं, दोनदा उलटलं. गुरुवारी संध्याकाळी भुरभुर पाऊस झाला, पण दहाच मिनिटं. कापणाऱ्या बायकांची मुकादम गंगव्वा हिनं आज एक चूड पिळून पाहिली आणि कानडीत "इन्नू हसी" म्हणाली, अजून ओलं आहे म्हणून. तिला आणखी एका दिवसाचं काम हवं असणार. वर ढग होते. मी भरायला सांगितलं.

दुपारी दाजी आले. कुणाला न विचारता त्यांनी गंजीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तसेच उभे राहिले, नाडी बघितल्यासारखे. मग म्हणाले, "घाम येतोय."

"कुणाला?"

"गवताला. दीड महिना याला हात लावायचा नाही. पाऊस लागलाय, तेव्हा दोन महिने धर."

मी म्हटलं, कुरणखात्यात आम्ही गवत वजन करून पाठवत होतो, घाम मोजत बसत नव्हतो.

"तू पाठवत होतास. खाणाऱ्याचं तोंड कधी बघितलंस?"

यातला टोमणा मला बरोबर कळतो. आमचे वडील घोडदळात बारगीर होते. मी नऊ वर्षांचा असताना त्यांच्या घोड्यानं माझ्या खांद्याचा लचका तोडला. तेव्हापासून मी घोड्यांना भितो असं दाजींनी सगळ्या नात्यात पसरवलं आहे. भितो असं नाही. मला त्यांचा वास सहन होत नाही. शिवाय माझं काम गोदामाचं आहे, दावणीवर जायचं कारणच काय.

सोमवार, १८ नोव्हेंबर

यशवंतपूरहून मागवलेला गाडीभर माल वाटेत भिजून आला. काळा पडलेला, बुरशीचा वास. परत पाठवला. दुसरा व्यापारी जानेवारीशिवाय गवत नाही म्हणतो. जुनं गवत फार तर पंधरा दिवस पुरेल. दाजींनी मला न विचारता सगळ्या घोड्यांचं गवत आजपासून कमी केलं. विचारलं तर म्हणाले, "तुझ्या गोदामातलं तू बघ, दावणीवरचं मी बघतो."

साहेबांनी दोघांना बोलावलं. नवं गवत कधी चालेल, असं मला विचारलं. मी म्हटलं, एक डिसेंबरपासून. दाजी म्हणाले, "कशावरून?"

"दांडा हातात मोडतो. म्हणजे वाळलं."

"दांडा मोडणं निराळं न् पोटात जिरणं निराळं, साहेब. नवं गवत घोड्याला विष."

साहेबांना दोघांपैकी कुणाचंच ऐकत बसायचं नव्हतं. "लिहून कोण देतो?" म्हणाले. मी लगेच लिहून दिलं: 'नवे गवत १ डिसेंबरपासून घोड्यांस घालण्यास योग्य.' खाली सही. दाजींना सहीपुरतंच लिहिता येतं. ते कागदाकडे बघत राहिले, मग निघून गेले. आजचा दिवस माझा.

रविवार, २४ नोव्हेंबर

माझी बायको शांता गेल्यापासून मी रविवारी अक्काकडे जेवतो. चामराजपेटेत आमच्या गल्लीपासून तिसरी गल्ली. दाजी जटका स्टँडवर, टांग्यांच्या अड्ड्यावर, कुणाचा लंगडा घोडा बघायला गेले होते, हे कळलं म्हणूनच गेलो.

अक्का वाढताना म्हणाली, "तुमचं दोघांचं काय चाललंय? ते घरात धड जेवत नाहीत."

मी म्हटलं, त्यांना माझं बरं बघवत नाही.

"साहेबांकडे तुझं नाव कुणी घातलं, ठाऊक आहे?"

"मी अर्ज केला होता."

"अर्ज कर म्हणून तुला कोण म्हणालं?"

"तू."

"मला कोण म्हणालं?"

मी ताक मागितलं. अक्काला नवऱ्याचं कौतुक पहिल्यापासूनच. वडील आजारी होते तेव्हाही शेवटचे दोन महिने ते विठोजींनाच उशाशी बसवून घेत. घोड्यांचं सगळं त्यांनी जावयाला सांगितलं. मी औषधं आणायला धावत होतो. ते कुणाच्या लक्षात नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

प्रयोग केला. पागेच्या गाडीचा म्हातारा घोडा आहे, त्याला तीन दिवस नवं गवत घातलं. लांब दांड्याच्या काट्यानं कुंपणावरून टाकत होतो. त्यानं एक काडी ठेवली नाही. लीद नेहमीसारखी. आज परसूदेखत दाजींना हे सांगितलं.

ते म्हणाले, "त्यानं चपला खाल्ल्या तरी जिरतील. दिवसभर गाडी ओढतो. आणि तू दिलंस ते गंजीच्या वरचं, वाऱ्यावरचं. आतलं काढून बघ."

यांना काहीही दाखवलं तरी आणखी एक सबब असते. मी परसूला म्हटलं, बघ, हरलेल्या माणसाची तऱ्हा. 

मंगळवार, ३ डिसेंबर

आज हिशेब चुकता झाला.

साज ठेवायच्या खोलीमागे एक बोळ आहे. तिथं पोत्यांखाली जुन्या गवताच्या सव्वीस पेंढ्या सापडल्या. नीट रचून ठेवलेल्या, खाली फळ्या, वर पोती. म्हणजे पंधरा दिवस घोड्यांच्या तोंडचं काढून हे चालू होतं. आणि मला सांगायचे, गवत संपलं.

साहेबांना नेऊन दाखवलं. दाजींना बोलावलं. सातही मोतद्दारांदेखत मी सरळ म्हटलं, दाजींनी हे बाहेर विकायला ठेवलं आहे.

दाजी माझ्याकडे बघून नाही, साहेबांकडे बघून बोलले. "गाभण घोड्यांसाठी ठेवलंय. नवं जिरेपर्यंत त्यांना तरी जुनं पाहिजे. तीन घोड्यांना मिळून रोजच्या दोन, महिना काढता येत नाही, पण निम्मा तरी निघेल."

"मग लपवलंत कशाला?" साहेबांनी विचारलं.

"गोदामात ठेवलं असतं तर ह्यानं वाटून टाकलं असतं."

साहेब घोडदळातले. हुकमामागे काही केलेलं त्यांना खपत नाही. म्हणाले, "विठोजी, माझ्या पागेत माझ्या पाठीमागं साठा? पंधरा दिवस घरी बसा. मग बघू."

दाजींनी डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला, परत बांधला. जाताना दावणीवरून गेले. शेवंताच्या मानेवर हात ठेवून थोडं थांबले. शेवंता ही पागेतली करडी घोडी, रजिस्टरात तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. आठ महिन्यांची गाभण. मग सायकल घेऊन निघाले.

पेंढ्या पुरावा म्हणून गोदामात कुलपात ठेवल्या. किल्ली माझ्याकडे.

गुरुवार, ५ डिसेंबर

सकाळपासून सर्व घोड्यांना नवं गवत. गंजी बाजूनं कापून आतलं काढलं. हिरवट रंग, गोडसर वास, थोडं ऊबदार लागलं. घोडे अधाशासारखे तुटून पडले. परसू म्हणाला, "कारभारी, निम्मं जुनं मिसळून घालू या का? जमादार तसंच करायचे." मी म्हटलं, जमादार आता नाहीत.

पागेत आज कशी शांतता होती. कुणी कुणाला टोमणा मारला नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

शेवंताला दहा वाजता पोटशूळ सुरू झाला. पुढच्या पायानं जमीन उकरते, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघते, बसते, उठते. अंगाला घाम. बाराच्या सुमारास एका तांबड्या घोड्यालाही तेच.

साहेबांनी छावणीतून डॉक्टर उमाकांतांना आणवलं. तरुण आहेत, फार बोलत नाहीत. नाकातून नळी घालून तेल सोडलं, इंजेक्शन दिलं. मग बाहेर येऊन हात धूत विचारलं, "खाण्यात काही बदल?"

मी म्हटलं, "गवत आमच्या रानातलं आहे."

"कधी कापलेलं?"

साहेब शेजारी उभे होते. परसू बादली धरून होता. मी म्हटलं, "सप्टेंबर अखेर."

का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. तोंडातून गेलं आणि मग ते परत घेण्याची वेळ निघून गेली. परसूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, "मग गवत असणार नाही. पाणी बदललंय का? चंदीच्या हरभऱ्यात काही?" ते पाण्याचा हौद बघायला गेले. साहेब त्यांच्या मागून.

शिवाय हे गवतामुळेच कशावरून? सोळा घोडे ठीक आहेत.

रविवार, ८ डिसेंबर

अक्काकडे जेवायला गेलो नाही. पागेतच होतो.

आज आणखी चार. हौद उपसून घासला. चंदी बदलली. गवत तेच चालू, कारण मी सप्टेंबर म्हणालो होतो आणि आता ते बंद करा म्हणायला काही कारण उरलं नव्हतं. मी परसूला हळूच म्हटलं, गवत जरा कमी घाला. तो म्हणाला, "कमी घालू का बंद करू, एक काय ते सांगा." मी म्हटलं, कमी.

शेवंताला सकाळी थोडा उतार वाटला. तिनं गवत मागितलं. घातलं. तीनला ती पुन्हा लोळायला लागली. दोघांनी दोर धरून तिला उठवलं. परसू दारातून ओरडला, "कारभारी, जरा मागून टेकू द्या." मी उंबऱ्यापर्यंत गेलो. तिचे डोळे मला दिसत होते. घोडा इतक्या जवळून मी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. परसूनं पुन्हा हाक मारली नाही, दुसऱ्याला बोलावलं.

माझं काम ते नाही, हे खरंच आहे. पण लिहून बरं वाटत नाही.

सोमवार, ९ डिसेंबर

शेवंता सकाळी साडेसातला गेली. आतड्याला पीळ पडला असं डॉक्टर म्हणाले. पोटातलं शिंगरू थोडा वेळ हलत होतं. तेवढ्यात काही करता येण्यासारखं नव्हतं.

मी सायकल काढली. कुणाला सांगितलं नाही. हेब्बाळपासून चामराजपेटेपर्यंत थांबलो नाही. अक्का दारात सडा घालत होती. माझ्याकडे बघून तिनं विचारलं नाही, आत वळून म्हणाली, "अहो, रघू आलाय."

दाजी चहा पीत होते. मी म्हटलं, "शेवंता गेली. पाच आजारी आहेत."

त्यांनी बशी खाली ठेवली. ती फुटली नाही, पण चहा सांडला. "घातलंस?"

"हो."

"आतलं?"

"हो."

मला वाटलं ते अंगावर धावून येतील. आले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चपला घातल्या. दोघं आपापल्या सायकलींवर निघालो, ते सगळा वेळ माझ्या पुढं राहिले आणि एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

पागेत गेल्या गेल्या ते दावणीवरून चालत गेले आणि प्रत्येकापुढचं गवत हातानं ओढून बाहेर टाकत गेले. डॉक्टर उमाकांत म्हणाले, "थांबा, गवत तर जुनं आहे ना? सप्टेंबरचं?"

दाजी थांबले. मी पागेच्या दारात होतो. ते म्हणाले, "मला काय विचारता? मी चोर आहे. कारभाऱ्याला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नोव्हेंबरात कापलं, नऊ तारखेला गंजीत घातलं. मध्ये पाऊसही लागला होता. आणि पूर्ण वाळलं नव्हतं."

डॉक्टरांनी मला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "दोन दिवस मी हौद उपसत होतो," म्हणाले. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "गवत कापलं म्हणजे मेलं असं नसतं. गंजीत ते कित्येक दिवस आतून तापतं, आंबतं. ते सगळं गंजीत पुरं होऊ द्यायचं. नाहीतर तेच घोड्याच्या आतड्यात होतं, आणि घोड्याला ओकून टाकता येत नाही. परवा कळलं असतं तर चार घोडे आजारीच पडले नसते."

शेवंताबद्दल ते काही म्हणाले नाहीत.

मी गोदामाचं कुलूप काढलं. सव्वीस पेंढ्या दाजींनी स्वतः उचलल्या. मला हात लावू दिला नाही. मग तांबड्या घोड्याचा दोर माझ्यापुढं धरला. "धर. फिरव. बसू द्यायचा नाही."

"दाजी, मला..."

"माणसं कमी आहेत. एकाला तूच घरी बसवून ठेवला होतास."

मी दोर धरला. अकरापासून तीनपर्यंत आवारात फेऱ्या. घोडा माझ्या मागं, त्याचा श्वास माझ्या मानेवर. दर फेरीला मला वाटायचं आता खांदा धरणार. त्यानं काही केलं नाही. तो इतका दुखण्यात होता की त्याला माझ्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. तीनला त्यानं लीद टाकली. डॉक्टर येऊन बघून "सुटला" म्हणाले. मी तिथंच जमिनीवर बसलो.

शनिवार, १४ डिसेंबर

पाचही घोडे वाचले. साहेबांनी ओळखीच्या एका तबेल्यातून जुनं गवत मिळवलं, बाकी जवळच्या खेड्यांतून नाचणीचा पेंढा आणला आहे. महिना निघेल.

साहेबांनी दोघांना बोलावलं. टेबलावर माझा अठरा नोव्हेंबरचा कागद. मी राजीनामा खिशात नेला होता.

ते आधी दाजींना म्हणाले, "विठोजी, माझी चूक झाली. तुमची जागा तुमची आहे."

दाजी म्हणाले, "मेहेरबानी. पण मी येत नाही."

"पगार वाढवतो."

"त्याचं नाही, साहेब. एकोणीस वर्षांत घोड्यांसाठी काडी वाचवली, ती चोरी ठरली. सात माणसांदेखत. उद्या मी त्यांना उठ म्हटलं तर ते उठतील, पण मनात चोर म्हणतील, तेच मला ऐकू येईल." नमस्कार करून ते गेले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी राजीनामा पुढं ठेवला. साहेबांनी तो वाचला नाही. "ती गंजी अजून तिथं आहे. तीन महिन्यांची वैरण आहे ती. कधी घालायची हे सांगणारा माणूस तुम्ही घालवलात. आता तुम्हीच सांगायचं. चुकलात तर तेव्हा राजीनामा बघू." मग म्हणाले, "आणि या वेळी कागद नको."

दाजींनी मुद्दाम नोकरी नाकारली, असं मला वाटतं. मला एकट्याला त्या गंजीपुढं उभं करायचं होतं त्यांना. याहून मोठा सूड नाही.

ही वही साहेबांना दाखवायची म्हणून सुरू केली होती. आज पहिल्यापासून वाचली. दाखवण्यासारखी नाही.

रविवार, २९ डिसेंबर

सात आठवडे झाले. रोज गंजीपाशी जातो. परसू आता जमादाराचं काम बघतो, पण माझ्याशी कामापुरतंच बोलतो. दोन बायका लावून गंजी एका बाजूनं उघडली. पावसात सापडलेला थर पांढरा पडला आहे, झटकला की धूर निघावा तशी धूळ उडते, घशाला खवखव. तो सगळा उपसून टाकतो आहे. गंगव्वा उभी राहून बघत होती. ती एकदाही "मी म्हणाले होते" असं म्हणाली नाही. मीच म्हटलं, तू म्हणाली होतीस. ती म्हणाली, "स्वल्प थांबला असता तर, स्वामी." एवढंच.

बाकीचं बरं दिसतं. पण बरं तर मला नोव्हेंबरमध्येही दिसत होतं. आता हातात दांडा मोडला तरी विश्वास बसत नाही. परसूनं परवा विचारलं, "उद्यापासून घालू या?" मी नको म्हटलं. त्यानं आज पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. पेंढा संपत आला आहे.

रविवार, ५ जानेवारी १९५८

अक्काकडे गेलो. महिन्यानं. दाजी घरात आहेत हे ठाऊक असून गेलो.

ते भिंतीकडे तोंड करून तोबरा शिवत बसले होते, जटक्यावाल्या कुणाचा तरी. हल्ली स्टँडवरच काम करतात. अक्का तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो.  शेवटी मी म्हटलं, "अक्का, त्यांना विचार, सहा आठवडे धरायचे ते कापल्यापासून का गंजीत घातल्यापासून?"

अक्कानं ताटातून मान वर न करता विचारलं, "ऐकलं का? कापल्यापासून का घातल्यापासून?"

"त्याला सांग, घातल्यापासून. पाऊस लागला असेल तर आठ."

"आठ काल झाले म्हणून सांग."

"आठ काल झाले म्हणतोय."

"मग इथं कशाला आलाय, विचार."

"कशाला आलायस?"

 मी म्हटलं, "आठ झाले म्हणून घालावं का, हे कळत नाही म्हणून."

हे अक्कानं पुढं सांगितलं नाही. ती ताट घेऊन उठली. "माझे झाले तांदूळ," म्हणाली आणि मागच्या अंगणात गेली. तिथून तिचा काहीच आवाज आला नाही, म्हणजे ती काही काम करत नव्हती.

आम्ही दोघंच. दाजींचा दाभण चामड्यातून जायचा तेवढा कुरकुर आवाज. मी उठायला लागलो.

ते तोबऱ्याकडे बघत म्हणाले, "आतल्याला वास कसला येतोय?"

"चहाच्या पुडीसारखा."

"आंबूस?"

"आता नाही. आधी यायचा."

"धूळ?"

"भिजलेल्या थराला. तिसरा हिस्सा काढून टाकला."

"कुठं टाकलास? गाईंना घातला नाहीस ना कुणाच्या?"

"नाही. उकिरड्यावर."

ते पुढं बराच वेळ शिवत राहिले. दोरा दातांनी तोडला. "घाल," म्हणाले. "पण एकदम नाही. पहिले चार दिवस पेंढ्यात चौथा हिस्सा, मग निम्मा. दहा दिवसांनी पुरं. गाभण दोघींना सगळ्यात शेवटी. आणि घातलंस की ऑफिसात जाऊन बसू नकोस. दावणीवर थांब. लीद बघ, कान बघ, कुशीकडं मान वळवतोय का बघ."

मी बरं म्हटलं.

"शेवंताची जागा रिकामीच ठेवलीय?"

"हो."

त्यांनी दुसरा दोरा ओवला. अक्का आत आली तेव्हा आम्ही दोघंही दोन दिशांना बघत होतो. तिनं तीन पानं घेतली. दाजी जेवायला बसले, पण माझ्याशी एक शब्द नाही. ताक अक्कानंच वाढलं.

त्यांनी एवढं सांगितलं ते माझ्याकडे बघून नव्हे, घोड्यांकडे बघून. मला त्याबद्दल भ्रम नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

नवं घालून बारा दिवस झाले. रोज मी पहाटे साडेपाचला पागेत येतो आणि बारापर्यंत दावणीवर असतो. आजपासून गाभण घोड्यांनाही नवं. कुणाला काही झालं नाही. परसूनं आज स्वतःहून चहाचा पेला आणून दिला.

गेल्या शनिवारी सकाळी दाजी पागेच्या फाटकाबाहेर सायकल टेकवून उभे होते. आत आले नाहीत. परसू म्हणाला, चौथ्यांदा आले. मी फाटकापाशी गेलो. त्यांनी मला कसा आहेस वगैरे विचारलं नाही. "तांबडा पाणी पितोय का नीट?" म्हणाले. मी म्हटलं, पितो. "गाभणींना कधीपासून?" मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी. त्यांनी मान डोलावली आणि सायकलवर बसले.

माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. गवताबद्दल बोलतात.